ओट्यावरची भाकर

हे ज्या माणसापुढं बसून सांगायला हवं होतं, ते माणूस गेल्या पौषात गेलं. उभा जन्म तिच्या हातचं खाल्लं आणि तिलाच सांगितलं नाही. मग तुम्हाला कशाला सांगतो? तुम्ही माझे कोण? कुणीच नाही — म्हणून तर तोंड उघडतंय. पोरांना यातलं काही ठाऊक नाही. भावकीतल्या ज्यांना ठाऊक होतं, ते सगळे मातीत गेले. मी चौथीपर्यंत शिकलेला. लिहायची सवय नाही, मागचं पुढं होईल. होऊ द्या.

बायकोचं नाव सोना. ती होती तोवर चारचौघांत मी तिला नावानं हाक मारली नाही, आमच्यात तशी रीत नव्हती. मी 'अगं' म्हणायचो, ती 'आवं' म्हणायची. आता घर रिकामं झाल्यावर नाव घेतो. सोना. पण रडगाणं सांगायला मी बसलेलो नाही.

सांगायचं आहे ते नामाचं. नामदेव, माझा पाठचा भाऊ. आईबाप लवकर गेले, म्हणून त्याचं लग्न मीच करून दिलं. आमचं गाव पवनेच्या काठाला, काळेवाडीच्या अंगाला. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. नदीच्या कडंला बाजरी आणि वांगी, आणि रेल्वेच्या पलीकडं कारखान्यांची पहिली पहिली बांधकामं. आम्हा दोघा भावांत एक बैलगाडी. मुरूम, वाळू, विटा बांधकामावर नेऊन टाकायच्या. बैल नामाचं ऐकायचे, माझं नाही. मी चाबूक उचलला तरी हलायचे नाहीत, तो नुसता तोंडानं आवाज काढायचा.

नामाची बायको पहिल्या बाळंतपणात गेली. पोरही राहिलं नाही. आणि नामा प्यायला लागला.

तेव्हा सरकारची दारूबंदी होती. पण बंदी होती म्हणून मिळत नव्हती असं थोडंच आहे? नदीच्या वाकणात भट्ट्या लागायच्या. सायकलच्या ट्यूबमध्ये भरून माल गावोगाव जायचा. नामा तिथं पडून राहायचा. घरी आला की शिव्या, भांडी फेकणं, मग रडणं. रडताना बायकोचं नाव घ्यायचा आणि सोनाच्या पायांशी डोकं आपटायचा. मी काय करायचो? मारायचो. दुसऱ्या दिवशी वाईट वाटलं की त्याला जवळ घेऊन बसायचो. परत मारायचो. तेवढंच मला येत होतं.

सोनाला जास्त येत होतं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, वय वीस-बावीस. एका सकाळी नामा शुद्धीत असताना तिनं त्याला न्हाऊ घातल्यासारखं गरम पाणी काढून दिलं, समोर बसवलं आणि म्हणाली,

"भावजी, पेल्यालं असला तर ह्यो उंबरा तुमचा न्हाई. शुद्धीत असला तर सगळं घर तुमचं. भाकर मातुर कवाबी मिळंल. पेल्यालं असला तर ओट्यावर मिळंल."

आणि तसंच चालवलं. तो झोकांड्या खात आला की ती दारात उभी राहायची. ओट्यावर भाकर, कालवण, तांब्या — वर टोपलं झाकलेलं. गोठ्यात घोंगडी. शिवी द्यायची नाही, टोमणा मारायचा नाही, पण आतही घ्यायचं नाही. सकाळी शुद्धीत आला की कालचं एक अक्षर काढायची नाही. मला तिनं वेगळं घेऊन सांगितलं, "आवं, आपुन दोघांनी एकच बोलायचं. तुमी येक आन् मी येक झालं, तर त्यो बुडाला बगा."

मी मान हलवली. ही मान ध्यानात ठेवा.

गावाला ते रुचलं नाही. सख्ख्या भावाला ओट्यावर जेवायला घालतात, कुत्र्यासारखं — असं बायका पाणवठ्यावर म्हणायच्या. सोनाच्या तोंडावर म्हणायच्या. ती घागर उचलून घरी यायची. तिनं काय सोसलं, ते मला तेव्हा दिसत नव्हतं का? दिसत होतं.

पण नामा सुधरायला लागला. कसं ते मी सांगू शकत नाही. आधी दोन दिवसांआड शुद्धीत यायचा, मग आठवडा आठवडा. उंबऱ्याच्या आत चुलीजवळ बसून गरम भाकर खायची त्याला गोडी लागली असावी. पावसाळा गेला आणि एक दिवस तोच म्हणाला, वैनी, मला माळ घालायचीय. आमच्या भागात दारू सोडायची म्हणजे आळंदीला जाऊन तुळशीची माळ घालायची. एकदा गळ्यात पडली की दारू नाही, मटण नाही. सोना लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, माळ घातली म्हंजी काम झालं असं न्हाई, आजून थोडं थांबा. त्याला थांबवलं तिनं. आणि मग आम्ही तिघं चालत आळंदीला गेलो, इंद्रायणीत त्याला अंघोळ घातली, तिथल्या एका म्हाताऱ्या बुवांनी माळ घातली. येताना सोना पुढं चालत होती आणि गुणगुणत होती. ती गाणारी बाई नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, यात कबूल करायचं काय आहे? थांबा. मी मुद्दाम सावकाश येतोय, हे मलाही कळतंय.

नामा सुधारला आणि माझं काहीतरी बिघडलं. खरं बोलायचं ठरवलंय तर हेही बोलतो. तो पीत होता तोवर मी मोठा होतो. गाव म्हणायचं, थोरला बिचारा किती सोसतो. बांधकामावरचा मुकादम मला ओळखायचा, माझ्याशी बोलायचा. नामा शुद्धीत आला आणि मुकादम त्याला विचारायला लागला. कुठली गाडी कुठं लावायची, चढावर बैल कसे घ्यायचे, ते नामा सांगायचा आणि बाकीचे गाडीवान ऐकायचे. मीही ऐकायचो. घरी सोना पहिली भाकर त्याच्या ताटात टाकायची. दारू सोडलेल्या माणसाला भूक जास्त लागते, म्हणून. मला ते कारण ठाऊक होतं. तरी त्या भाकरीकडं माझं ध्यान जायचं. भाऊ बरा झाला याचं एखाद्याला दुखतं का? मला दुखलं.

चैत्रात भैरोबाची यात्रा आली. पहिला दिवस पालखीचा. दुसऱ्या दिवशी घरोघर बकरं, पाहुणे, आणि दुपारनंतर कुस्त्या. कुस्त्यांच्या आधी भावकीतले बापये आंबराईत बसायचे. दारूबंदी असो नसो, त्या दिवशी पाटीलही तिकडं बघायचा नाही. नामा येत नव्हता. मीच म्हणालो, चल, नुसता बस. कारण मी एकटा गेलो असतो तर लोक म्हणाले असते, याला भावाला आणायची हिंमत नाही.

चुलतभाऊ दगडूअण्णा होता. आमच्यात थोरला, जीभ तिखट. नामाला बघून म्हणाला, "या, नामदेव म्हाराज. कीर्तन कवा?" सगळे हसले. नामाही हसला, त्याला काही वाटलं नाही. मग अण्णा माझ्याकडं वळला.

"तुझ्या घरात हुकूम कुनाचा रं? दोगं भाव येकाच बाईच्या दावनीला बांधल्यात म्हनं."

मी म्हणालो, तसं काही नाही.

"मग तुझा भाव तुझ्या सबदात हाय का वैनीच्या?"

"माझ्या."

"दाव की."

एवढंच झालं. कुणी माझा हात पिरगळला नाही. कुणी मला पाजलेलीही नव्हती, मी तोवर थेंब घेतला नव्हता. आमच्यात काहीजण यात्रेपुरती माळ काढून खुंटीला अडकवतात आणि दुसऱ्या दिवशी अंघोळ करून परत घालतात. देवाला चालतं म्हणतात. मटणासाठी ते करतात. मी तेच बोललो. म्हणालो, नामा, आज भैरोबाचा दिवस हाय, येक दिस माळ काढली तर काय बिघडतंय? तो म्हणाला, "दादा, नगं." हळूच म्हणाला, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. माझी अब्रू राखत होता.

आणि मी उठलो. त्याच्या गळ्यातली माळ माझ्या हातांनी वर घेतली, डोक्यावरून काढली. त्यानं माझं मनगट धरलं. त्याच्या हातात माझ्या दुप्पट ताकद होती, बैल आवरणारा हात. नुसता धरून ठेवला असता तरी मला हलवता आला नसता. त्यानं विचारलं, "तू म्हनतूस?" मी म्हणालो, "मी म्हनतो." त्यानं मनगट सोडलं. आमच्या घरात थोरल्याचा शब्द मोडत नसत. पेला मीच भरला. मीच हातात दिला.

माळ मी गाडीच्या खुंटाला अडकवली. नंतर तिथून काढून खिशात घातली.

बाकीचं तुम्हाला न सांगताही कळेल. एक पेला नव्हता तो. आखाड्यात तो पडला, लोकांनी उचलून कडंला ठेवला, परत उठून आंबराईत गेला. दिवेलागणीला घरी आला. घरात पाहुणे होते, सोनाच्या माहेरचीही माणसं होती. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, जाऊ दे आजच्या दिवस. सोना दारात आली. तोंड पांढरं पडलेलं, पण आवाज तोच. म्हणाली, भावजी, ओट्यावर आणते. सकाळी या.

नामा उंबऱ्याशी उभा राहिला. तिला म्हणाला, "दादाला इचार."

ती माझ्याकडं वळली. मी देव्हाऱ्याच्या खाली बसलो होतो, तिथली समई लावलेली होती. एक वाक्य पाहिजे होतं — मी पाजली, मी माळ काढली, आज त्याला आत घे आणि मला भाईर काढ. जीभ होती ना तोंडात? आंबराईत चालली होती ना?

मी म्हणालो, "नेम म्हंजी नेम. भाईर हो."

नामा ओरडला नाही. "बरं, दादा" म्हणाला. सोनानं भाकर नेऊन ठेवली, टोपलं झाकलं. सकाळी टोपलं तसंच होतं. नामा नव्हता. जाताना बैलांना पाणी दाखवून गेला होता, त्यांच्या बादल्या ओल्या होत्या.

त्याच सकाळी सोनाला देव्हाऱ्याच्या खुंटीवर माळ दिसली. मीच रात्री ठेवली होती. तिनं मला विचारलं, "सोताच्या हातानं काडली का वो त्यांनी?"

मी 'व्हय' म्हणालो.

हे एक सांगितलं. पण एवढंच असतं तर मी इतकी वर्षं गप्प बसलो असतो का? बसलोही असतो, माझा भरवसा नाही. पण याच्यापुढंही आहे आणि ते जास्त वाईट आहे.

भातलावणीच्या सुमाराला खबर आली की नामा खंडाळ्याच्या बाजूला खडी फोडायच्या कामावर आहे. सोनानं त्याच दिवशी भाकरी बांधल्या, नवी घोंगडी दिली आणि मला म्हणाली, त्यास्नी घेऊन या. मी चुकले आसंन तर माफी मागीन म्हनावं. नेम नगं, काय नगं. निस्तं घरी या म्हनावं.

मी गेलो. नामा सापडला. पाऊस धरून होता, तो एका पत्र्याखाली बसलेला. वाळला होता. त्या दिवशी प्यायलेला नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो. मला बघून उठला, पाया पडला. भाकर खाल्ली. आणि विचारलं, "वैनीला सांगितलंस?"

"न्हाई."

त्यानं उरलेली भाकर फडक्यात परत बांधली. म्हणाला, "नगं सांगू. तुझ्या संसारात कशाला?" मग बैलांचं विचारलं. पांढऱ्याच्या खुराचं काय झालं विचारलं.

मी पुष्कळ वर्षं स्वतःला हेच ऐकवलं की त्यानंच नको म्हटलं, मी त्याचा शब्द पाळला. खोटं आहे हे. तो माझी लाज झाकत होता, आणि मी ती झाकून घेतली. त्यानं सांगू नको म्हटलं होतं, पण मला घरी नेऊ नको असं म्हटलं नव्हतं. तो वाट बघत होता, मी 'चल' म्हणायची. मी घोंगडी दिली. सोनाचा निरोप दिला नाही. माफीचंही बोललो नाही. तो घरी आला, चुलीजवळ बसला, सोनानं प्रेमानं विचारलं की भावजी, त्या दिवशी काय झालं होतं — तर? कधीतरी निघालंच असतं. म्हणून मी 'चल' म्हणालो नाही. निघताना तो रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर आला. बोललो ते पावसाचं बोललो.

घरी येऊन सोनाला सांगितलं, यायला तयार न्हाई. म्हणतो, त्या दारात पाय ठेवणार न्हाई.

हे वाक्य मी रचलं. त्याच्या तोंडात घातलं. रस्त्यात येताना रचलं.

पुढच्या उन्हाळ्याआधी तो गेला. निरोप पोचला तोवर तिथल्या मजुरांनीच अग्नी दिला होता. विषारी दारू होती म्हणाले. सोना मोठ्यानं रडली नाही. त्या दिवसापासून तिनं ओट्यावर बसणं सोडलं, एवढंच मला दिसलं.

आणि ती बदलली. आधी तिला ठाऊक असायचं की कुठं दार लावायचं आणि कुठं भाकर द्यायची. दोन्ही एकाच हातानं करायची. मग ती कुणालाच नाही म्हणेनाशी झाली. वीस-पंचवीस वर्षांनी आमच्या लेकीचा नवरा प्यायला लागला. चांगल्या कंपनीत होता, शिफ्ट संपली की तिकडून थेट गुत्त्यावर. लेक पोरांना घेऊन आमच्याकडं आली. तो मागोमाग आला, तर्र. मी म्हणालो, दार लाव. सोना म्हणाली, "नगं वो. येकदा लावलं व्हतं." त्याला आत घेतलं, जेवायला वाढलं. त्यानं आमच्यासमोर लेकीच्या तोंडावर मारलं. तिचा कान त्या बाजूनं अजून नीट ऐकत नाही. ती कधी आईला दोष देत नाही. तिला वाटतं, आई भोळी होती. भोळी नव्हती. माझ्या एका 'व्हय'वर आणि एका रचलेल्या वाक्यावर तिनं स्वतःचं शहाणपण टाकून दिलं होतं. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? लेक पदरानं कान धरून बसली होती, आणि मी भिंतीला टेकून उभा होतो.

का सांगितलं नाही, याला माझ्याकडं कारण नाही. भीती होती. आधी ती काय म्हणेल याची. नंतर, इतकी वर्षं का गप्प बसलात, हे विचारेल याची.

आता आम्ही पिंपळे सौदागरात पोराच्या सोसायटीत राहतो. राहत होतो. शेवटच्या महिन्यात सोना अंथरुणातून उठत नव्हती. बाकी पुष्कळ विसरली होती, नातवंडांची नावं चुकायची. एका दुपारी मी जवळ बसलो होतो, सून कामावर गेलेली. डोळे उघडून अगदी चांगल्या आवाजात तिनं विचारलं,

"आवं, मी त्या दिवशी त्यास्नी घरात घेतलं आसतं, तर जगलं आसतं का वो भावजी?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. दार बंद होतं. भावकीतलं कुणी ऐकायला नव्हतं, दगडूअण्णाला जाऊनसुद्धा कितीतरी वर्षं झाली होती. तिचं काही चुकलं नव्हतं. ते तिला सांगू शकेल असा जगात एकच माणूस उरला होता, आणि तो तिचा हात धरून बसला होता.

मी म्हणालो, "पानी देऊ का?"

तिनं माझ्याकडं थोडा वेळ बघितलं. मग मानेनं हो म्हणाली, आणि मी चमच्यानं पाणी पाजलं.